इंचाला चाळीस घरे

भेंडीचे पान पिवळे पडते तेव्हा ते एकदम पिवळे होत नाही. आधी शिरा पिवळ्या होतात. हिरव्या पानावर कुणी हळदीच्या बोटाने जाळे काढावे तशा त्या उठून दिसतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते चक्क सुंदर वाटते. मलाही वाटले होते. मुलुंड पूर्वेला आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी बारा कुंड्यांत भेंडी लावली होती. त्यातल्या एका पानाचा फोटो मी मोठ्या कौतुकाने नारायणगावच्या मामेभावाला पाठवला. दादाचे उत्तर दोन शब्दांचे होते : "उपटून टाक."

या रोगाला शेतकरी हळद्या म्हणतात, कुठे केवडा म्हणतात. पुस्तकी नाव यलो व्हेन मोझॅक. त्याची पहिली नोंद १९२४ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातूनच झाली, तेव्हा माझ्या गच्चीवर तो काही पाहुणा म्हणून आला नव्हता. रोग विषाणूचा आहे आणि तो पांढरी माशी पसरवते. ही माशी जेमतेम एक मिलिमीटर लांब असते, पानाच्या पाठीमागे बसते आणि झाडाला धक्का लागला की राख उडावी तशी उठून पुन्हा तिथेच टेकते. रोगट झाडाचा रस एकदा तिच्या पोटात गेला की पुढे ती ज्या ज्या झाडावर बसेल त्याला प्रसाद देत जाते. झाडाला लागण झाल्यावर औषध नाही. हा रोग सहन करणारी वाणे निघाली आहेत, मराठवाडा कृषी विद्यापीठाचे परभणी क्रांती हे त्यांतले गाजलेले; पण मी बी आणले होते ते कोपऱ्यावरच्या दुकानातून, पुडीवरचे चित्र पाहून. पंधरा दिवसांत बारापैकी नऊ झाडे उपटली. उरलेल्या तिघांना मिळून सात भेंड्या लागल्या, आणि त्याही फिकट, पिवळसर, सुतळीसारख्या.

फवारणीचा विचार मी केला नाही असे नाही. निंबोळी अर्क मारून पाहिला. पाच टक्के, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून गाळलेली. त्याने माशी कमी होते, नाहीशी होत नाही. आणि हा रोग पसरवायला उरलेल्या चार माशा पुरतात. त्यापुढची विषारी औषधे गच्चीवर आणायला मन धजले नाही. आमच्या गच्चीवर कपडे वाळतात, एप्रिलमध्ये कुरडया वाळतात, संध्याकाळी मुले खेळतात. शिवाय २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या बातम्या वाचल्यापासून पाठीवरचा पंप हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेलेले नाही.

दादाने फोनवर त्याच्या पद्धतीने समजावले. "अगं, रोगाला औषध नाही, माशीला आहे. पण माशीला मारत बसण्यापेक्षा तिला आत येऊच देऊ नको. जाळी लाव." त्यांच्याकडे टोमॅटोची रोपे ज्या रोपवाटिकेत तयार होतात तिथे चहूबाजूंनी पांढरी नायलॉनची जाळी असते, कारण कोवळ्या वयात रोपाला विषाणू लागला तर पुढचे सगळे पीक गेल्यात जमा असते, मोठ्या झाडाला लागला तर निदान काही तोडे पदरात पडतात. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेरकडच्या टोमॅटोंना विषाणूने गाठले. फळे एकसारखी लाल होईनात, त्यांच्यावर पिवळे, हिरवट पट्टे उमटले आणि लोकांनी त्या रोगाला 'तिरंगा' असे नाव ठेवले. तेव्हापासून दादा जाळीबद्दल बोलताना थोडा देवाधर्मासारखा बोलतो.

"चाळीस मेशची घे," एवढे त्याने सांगितले आणि मी मशीद बंदरच्या गल्ल्यांत गेले. दुकानदाराने पांढरे, मऊ, सुरेख कापड पुढे टाकले आणि म्हणाला, "ताई, चाळीस कशाला, ही एकशे छप्पनची आहे." माझ्या मनाने लगेच हिशेब केला की चाळीसपेक्षा एकशे छप्पन कितीतरी बारीक, आणि किंमतही निम्मी. मी दहा मीटर घेऊन आनंदाने लोकलमध्ये बसले.

घरी आल्यावर काही तरी खटकले, कारण कापडाच्या पलीकडचे सगळे फार स्वच्छ दिसत होते. तेव्हा मी कपाटातून वडिलांचे पिक ग्लास काढले. वडील करी रोडच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यानंतर ते पुन्हा त्या खात्यात गेले नाहीत, पण हे भिंग घरी राहिले. पितळेचे, तीन घड्यांचे, काडेपेटीहून लहान. खाली बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी आणि वर भिंग. खिडकी कापडावर ठेवायची आणि ताण्याचे व बाण्याचे धागे मोजायचे, एवढेच त्याचे काम. लहानपणी मी त्यातून रुमाल, चादरी आणि शाळेच्या गणवेशाचे कापड मोजले होते. त्या खिडकीत मी नवे कापड धरले आणि एका ओळीतली भोके मोजली. बारा झाली, तेरावे अर्धे.

साडेबाराला साडेबाराने गुणले की एकशे छप्पन येतात. दुकानदार खोटे बोलला नव्हता. मच्छरदाणीच्या कापडाची भोके चौरस इंचात मोजतात आणि किडे रोखणाऱ्या शेतीच्या जाळीची सरळ इंचात, एका रेषेत. त्या हिशेबाने चाळीसच्या जाळीला चौरस इंचात सोळाशे घरे पडतात. मच्छरदाणीचे एक घर धाग्यासकट दोन मिलिमीटरचे. डासाला ते पुरे पडते, पांढऱ्या माशीला मात्र ते दार आहे, आणि तेही दोन्ही फळ्या उघडे. दुसऱ्या खेपेला मी भिंग पिशवीत घालून गेले. दुकानात चाळीसची आणि पन्नासची अशी दोन्ही जाळी होती. पन्नासच्या जाळीत धाग्याची जाडी वजा केली तर भोक पाव मिलिमीटरच्या जवळपास उरते, माशीसाठी तीच अधिक खात्रीची. पण जितके घर बारीक तितका वारा कमी, आणि मुंबईत वारा ही चैन नव्हे. पोलादी पट्टीने मापून देणारा मुलगा माझ्या हातातले भिंग पाहत होता. शेवटी मी चाळीसचीच घेतली. भोकातून वाट काढणारी एखादी माशी मी पिवळ्या चिकट सापळ्यावर सोपवली.

सांगाड्याला पीव्हीसीचे पाऊण इंची पाइप वाकवून कमानी केल्या. सोसायटीच्या कमिटीला हे बांधकाम नाही हे पटवायला दोन सभा गेल्या. तो भाग इथे नको. शिवण मात्र सांगण्यासारखी आहे. जाळी आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्याकडे दिली, तेव्हा त्याने एक टाका मारून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ताई, हे बघा, सुईचं भोक जाळीच्या भोकापेक्षा मोठं पडतंय." खरेच होते. मग त्याने कडा दोनदा दुमडून, आत सुती पट्टी घालून शिवली. पुढे मला कळले की अशा जाळीत कीड घरांमधून क्वचित येते. ती येते शिवणीतून, चेनच्या टोकाशी राहिलेल्या अर्ध्या इंचातून, जमिनीलगतच्या सैल कडेखालून आणि सगळ्यांत जास्त माझ्याबरोबर, पदराला चिकटून. त्यासाठी मोठ्या जाळीघरांना दोन दारे असतात, एक लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. माझ्या चार फुटी बोगद्याला दुसरे दार कुठून आणू? मी आत हात घालण्याआधी ओढणी काढून ठेवते आणि पिवळ्या रंगाचे कपडे घालत नाही, कारण पिवळ्यावर माशी झेपावते.

पहिले दीड महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. ते दिवस नोव्हेंबर-डिसेंबरचे होते, म्हणजे मुंबईत भाजीचे खरे दिवस. पालक, मुळा, मेथी, लाल माठ यांच्या पानांना एक छिद्र नव्हते. नागअळी पानात शिरून पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा काढते, त्या रेघा नव्हत्या. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग आला नाही. फक्त एका बाजूची पाने वाढून जाळीला टेकली होती, तिथे मात्र त्याने बाहेर बसून आतल्या पानावर अंडी घातल्याचा मला दाट संशय आहे, कारण अळ्या नेमक्या त्याच पानांवर निघाल्या. तेव्हापासून पान आणि जाळी यांत चार बोटांचे अंतर ठेवते. भेंडीच्या दहाही झाडांच्या शिरा हिरव्या राहिल्या. कबुतरे वरून पाहून निघून जात, आणि मला त्याचेही समाधान होते.

मग मिरचीवर मावा आला. बहुधा तो आला नव्हता, मीच विकतच्या रोपाबरोबर आणला होता. एका सकाळी शेंड्याचे कोवळे पान आतल्या बाजूला वळलेले दिसले. उलटून पाहिले तर शिरेच्या दोन्ही अंगांना हिरवे दाणे चिकटलेले. पिक ग्लास ठेवले. इंचभर खिडकीत लहानमोठे सत्तावीस होते, सगळे तोंड खाली खुपसून स्थिर, आणि त्यांतल्या एका मोठ्या मादीच्या मागच्या टोकातून एक इवलासा जीव पायांनी चाचपडत बाहेर येत होता. माव्याच्या माद्यांना नर लागत नाही आणि अंडीही लागत नाहीत. त्या जिवंत पिल्ले घालतात, आणि ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः व्यायला लागतात. शुक्रवारी एक शेंडा होता, पुढच्या बुधवारी सगळी सहा झाडे. पानांवर गोड चिकटा, चिकट्यावर काळी काजळी, आणि कुंडीच्या कडेवरून जाळीखाली घुसून मुंग्यांची रांग, त्या गोडासाठी माव्याची राखण करणारी.

जाळीबाहेर, तीन फुटांवर, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी एक जुने मिरचीचे झाड उघड्यावर होते. त्यावरही मावा होता, पण तुरळक. मी तिथे बसून राहिले. पानावर पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या घाटाची एक करडी अळी फिरत होती. ती ढालकिड्याची अळी. ती माव्यापाशी थांबे, त्याला धरी, आणि मागे रिकामे साल टाकून पुढे सरके. तिच्या शेजारच्या पानावर सिरफिड माशीची हिरवट अळी तेच काम आंधळेपणाने, चाचपत करत होती. माझ्या आत्तापर्यंतच्या मिरच्या कोणी राखल्या होत्या ते मला त्या दिवशी दिसले. मी माशीसाठी दार लावले होते, आणि या मंडळींचा पगार कधी द्यावा लागला नव्हता म्हणून ती कामावर आहेत हेच माझ्या ध्यानात नव्हते. आता त्यांचे काम माझ्याकडे आले. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने मी सहा झाडांची पाने एकेक करून पुसली. दोन रविवार त्यात गेले.

मधमाशीचे कामही माझ्याकडेच आले. भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे त्यांचे भागते. टोमॅटोला बाहेर वारा आणि माश्या हलवतात, इथे मी रोज सकाळी दोरीला टिचक्या मारते. वेलांचे तसे नाही. मी हौसेने जाळीत काकडी लावली. नर फुले आली, मागोमाग मादी फुलेही आली, मागे बोटाच्या पेराएवढी काकडी घेऊन. आणि चार दिवसांत ती इवली काकडी पिवळी पडून गळून गेली. अशा अकरा गळल्या. मग मी सकाळी साडेसातला नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलायला आणि आतला परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायला शिकले. पहिल्या काही काकड्या एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्याला चिंचोळ्या निघाल्या, कारण माझा हात फुलाच्या एकाच बाजूला नीट पोचला होता. मधमाशी एका फुलावर कितीदा येते आणि किती बाजूंनी बसते याची कल्पना मला त्या वाकड्या काकडीने दिली. दुधीने तर आणखी छळले. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, ती रात्रीच्या पतंगांची वाट पाहतात. आणि मी ऑफिसातून येऊन, चहा घेऊन, बॅटरी तोंडात धरून गच्चीवर जात असे. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी काय समजूत करून घेतली असेल ती असो.

मार्चनंतर जाळी वेगळीच होते. आत हात घातला की भांडी घासण्याच्या गरम पाण्याची वाफ यावी तसे वाटते. टोमॅटोची फुले न धरता गळतात. मुंबईच्या उन्हाळ्यात ती बाहेरही गळतातच, पण आत लवकर. हवेतली धूळ, आणि आमच्याकडे चहूबाजूंनी जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत असल्यामुळे सिमेंटची भुकटी, घराघरांत बसते आणि पांढरी जाळी राखाडी होते. दर पंधरा दिवसांनी नळीने आणि मऊ ब्रशने धुतली नाही तर आतल्या झाडांना ऊन पुरत नाही आणि ती माना लांब करून उजेडाकडे झुकतात. पावसात उलट प्रकार. मुंबईत ११ जूनच्या सुमारास पाऊस धरतो. पहिल्याच जोरदार सरीनंतर मी पाहिले की ओल्या जाळीच्या प्रत्येक घरात पाण्याचा पापुद्रा बसला आहे. सोळाशे घरांच्या सोळाशे काचा. आतली हवा हलेना, मेथीची रोपे मानेशी कुजून कोलमडली, आणि दोन दिवसांनी वाऱ्याने जाळीचे शीड करून दोन कमानी मोडल्या. गेल्या वर्षीपासून मेअखेर जाळी उतरवते.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकले. मुंबईत गच्चीवरच्या भाजीची वाट मळणारी माणसे माझ्या आधी होऊन गेली आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग झाली, श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराकडून कित्येकांनी मातीचे धडे घेतले. मीही रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडे आणून, स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळून माती करते आणि जुनी माती पुन्हा वापरते. पण नागअळी आणि फळमाशी यांचे कोष मातीतच असतात. जुन्या कुंडीवर जाळी घातली तर कीड आत कोंडली जाते आणि आतल्या आत तिचा संसार सुखाने चालतो. आता जाळीत जाणारी माती मी आधी दोन आठवडे मेच्या उन्हात काळ्या प्लास्टिकखाली तापवते.

आणि ती वाया गेलेली मच्छरदाणी? ती वांग्यांवर घातली. वांग्याचा खरा शत्रू शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिचा पतंग डासापेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे दोन मिलिमीटरचे घर त्याला बंदच आहे, आणि वारा मात्र खेळतो. याच अळीसाठी बीटी वांगे आले, देशभर वाद झाला आणि ९ फेब्रुवारी २०१० ला त्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली. माझ्या चार झाडांचे गणित कुणाच्या एकराला लागू पडणार नाही, तरी दोन हंगाम मी वांगे चिरताना आधी त्याला भोक शोधलेले नाही. वेलवर्गाला मी जाळीतून कायमचे बाहेर काढले. काकडीला आणि कारल्याला फळमाशी लागू नये म्हणून कोवळे फळ वर्तमानपत्राच्या पिशवीत बांधते आणि जवळ गंधाचा सापळा टांगते. पालेभाजी जाळीत. भेंडी, टोमॅटो, मिरची पहिले चाळीस दिवस जाळीत, आणि फुलावर आली की बाजूचे दोन्ही पडदे गुंडाळून वर. तोवर झाड अंगाने भरलेले असते. हळद्या त्यानंतर एखाद्या झाडाला लागतो, पण तोवर माझ्या डब्यापुरती भेंडी निघालेली असते.

या जानेवारीत मिरचीवर पुन्हा मावा दिसला तेव्हा कापूस घेतला नाही. कढीपत्त्याजवळच्या झाडावरून ढालकिड्याच्या अळ्या रंगाच्या ब्रशने उचलून आत सोडल्या. मोठा किडा सोडला तर तो थेट जाळीच्या माथ्यावर जाऊन बाहेरची वाट शोधतो, अळीला पंख नसल्यामुळे ती कामाला लागते. सात सोडल्या. चौथ्या दिवशी खिडकीत तीन मावे होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू परवा गच्चीवर आल्या, भेंडी हातात घेऊन पाहिली आणि त्यांच्या बाल्कनीसाठी किती मीटर लागेल ते विचारू लागल्या. मी माप घेऊन दिले, दुकानाची गल्ली सांगितली आणि पिक ग्लास त्यांच्या पर्समध्ये घातले. "दुकानदार आकडा सांगेल," मी म्हटले, "तेव्हा आधी एवढंच विचारा, काकू : चौरस की सरळ?"